अनिची दाढी

१३ जुलै २००५, बुध. एजवेअर

गेल्या आठवड्यात लंडनमध्ये बॉम्ब उडवणारी पोरं परदेशातून आलेली नव्हती. इथलीच, लीड्सकडची, इथेच शाळेत गेलेली. पाठीवर सॅक घेऊन ट्यूबमध्ये, इथल्या भुयारी रेल्वेत, शिरली. सगळं टीव्हीवर.

आणि आमचा अनि आज ऑफिसला गेला तो छातीपर्यंत येऊ घातलेली दाढी, पाठीवर काळी सॅक. आत लॅपटॉप आणि डबा. खिडकीतून बघत उभी राहिले.

मला दिवस गेल्याचं कळल्यापासून ही दाढी; आता सातवा लागलाय. नागपूरहून सासूबाईंची सक्त ताकीद: बायको गरोदर असताना नवऱ्याने वस्तरा लावायचा नाही. आयुष्यात कधी संध्या न केलेला माणूस, दाढी मात्र शास्त्रोक्त!

१५ जुलै, शुक्र.

ट्यूबच्या गर्दीतसुद्धा अनिच्या शेजारची सीट रिकामी राहते म्हणे. ‘राजेशाही प्रवास’ म्हणाला. आज एक बाई सॅककडे बघतच राहिली, तर यानेच ती उघडून डबा दाखवला. बाई पुढच्या स्टेशनला उतरून गेली. हे हसत हसत सांगितलं. मला नाही आलं हसू.

१७ जुलै, रवि.

नागपूरला आईंना फोन केला. इथलं सगळं सांगितलं, दाढी काढू द्या म्हटलं. देव आहे ना, म्हणाल्या. वर, मागच्या वेळचं विसरलीस का. कशी विसरेन? तिसऱ्या महिन्यात गेलं ते.

वॉटफर्डच्या जोशीकाकांचा सल्ला: अनिने कपाळाला ठसठशीत गंध लावावं, म्हणजे हिंदू आहे हे कळेल. कोणाला कळेल? ज्याला कळेल तो घाबरतोय कशाला! काकांना मात्र ‘सांगते त्याला’ म्हटलं.

२२ जुलै, शुक्र.

काल परत तेच, पण स्फोट नीट झाले नाहीत. आज पोलिसांनी ट्यूबमध्ये शिरून एका माणसाला गोळ्या घातल्या. डोक्यात.

दिवसभर अनिचा फोन लागेना. त्याची नॉर्दर्न लाइनची ट्यूब बंद. बसेस बदलत बदलत संध्याकाळी उगवला. दारातच त्याच्या अंगावर ओरडले. मग रडले. बाळ आतून लाथा मारतंय.

२३ जुलै, शनि.

तो माणूस निरपराध होता. पोलीसच म्हणतायत. सॉरी म्हणे.

अनिसमोर रेझर ठेवला. त्याने तो परत माझ्याकडे सरकवला. म्हणाला, “मागच्या वेळी मी नव्हती ठेवली.”

म्हणजे हे होतं मनात. इतके दिवस मला वाटत होतं आईचा लाडका आहे, म्हणून ऐकतोय.

म्हटलं, “बाळाला बाप पाहिजे, अनि. दाढी नको.”

टबाच्या कडेवर बसला. मीच काढली. नागपूरला सांगायचं नाही असं ठरलं. काही बरंवाईट झालं तर माझ्या डोक्यावर. असू दे.

२५ जुलै, सोम.

अनि खुशीत घरी आला. शेजारी लोक बसले, एकीने पेपरही दिला वाचायला. किती दिवसांनी बरं वाटलं. चहा टाकला.

मग कप हातात धरून म्हणाला, “समोर एक दाढीवाला होता. मांडीवर सॅक. घामाघूम. कॅम्डन स्टेशनला मी उतरलो आणि मागच्या डब्यात जाऊन बसलो.”

त्याने कप खाली ठेवला.

“त्याने बघितलं माझ्याकडे. काही म्हणाला नाही. त्याला सवय असणार.”

मी पटकन बोलून गेले, “बरं केलंस.”

आणि मनापासून बोलले. आत्ता लिहितानाही तेच वाटतंय, आणि लाज वाटतेय ती वेगळी. अनि कधीचा गॅलरीत उभा आहे. चहा तसाच पडलाय.