डॉक्टर ॲशक्राफ्टांसाठी केलेली धडपड

१५ ऑक्टोबर
आजपासून मेडिकेअरचा, म्हणजे पासष्टीनंतरच्या सरकारी आरोग्यविम्याचा, प्लॅन बदलायची मुदत सुरू. ७ डिसेंबरपर्यंत. यंदा सगळे प्लॅन स्वतः वाचणार, तुलना करणार, मगच ठरवणार. टायरच्या कारखान्यात फोरमन होतो, मला कोण गंडवणार? अर्लीन म्हणाली, "मर्ल, गेल्या वर्षीही हेच म्हणाला होतास." बायकोची स्मरणशक्ती नको तिथे चालते.

१६ ऑक्टोबर
अंगणभर मेपलची पानं. ती आधी. वाचन उद्या.

४ नोव्हेंबर, दुपारी
माहितीपुस्तक उघडलं. तिसऱ्या पानावर डोळा लागला. एवढं बारीक अक्षर मुद्दामच छापतात.

१९ नोव्हेंबर
वाचायची गरजच संपली! बोलिंगला व्हर्न भेटला. रिटायर झाल्यापासून तो विम्याचा एजंट आहे. म्हणाला, "लेका, पुस्तकं कसली वाचतोस? हा प्लॅन घे. दात, चष्मा, जिम, सगळं यातच. वर हप्ता शून्य." मी कच्चा नाही. विचारलं, माझे हार्टचे डॉक्टर ॲशक्राफ्ट यात आहेत का? "आहेत की! यादीत नाव मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय." आमच्या थोरल्याच्या बाप्तिस्म्याला त्याला हातात घेऊन उभा राहिलेला माणूस हा. तिथेच सही केली.

२० नोव्हेंबर
अर्लीनला सांगितलं. ती म्हणाली, "मी आहे तिथेच बरी." ती मूळ मेडिकेअरवर आहे, तिथे डॉक्टरांची यादी नसते; उरलेल्या बिलासाठी वर खासगी जोडविमा. त्याचा हप्ता महिन्याच्या महिन्याला भरते. बिचारी.

७ डिसेंबर
शेवटचा दिवस. अर्लीनची भुणभुण : "ॲशक्राफ्टांच्या दवाखान्यात एक फोन करून विचार ना." मी स्पष्ट सांगितलं, मित्राच्या शब्दावर शंका घेणं आमच्या घराण्यात नाही. तिने फक्त बटाटे सोलले. जरा जोरातच.

३ जानेवारी
नवं कार्ड आलं. जिमला गेलो. पट्ट्यावर चार मिनिटं चाललो. पहिल्या दिवशी अति करू नये.

१४ जानेवारी
ॲशक्राफ्टांकडे तपासणीला गेलो. काउंटरवरची मुलगी कार्ड उलटसुलट करून म्हणाली, "सॉरी, हा प्लॅन आम्ही घेत नाही." मी म्हणालो, यादीत नाव आहे, नीट बघा. तिने बघितलं. ॲशक्राफ्ट आहेत, पण ते दुसरे. शेजारच्या गावातले. पायांचे डॉक्टर. "पाय दुखतायत का तुमचे?" तिने काळजीने विचारलं.

मी मरायला टेकलो होतो तेव्हा ज्यांनी मला परत आणलं, ते पलीकडच्या खोलीत कुणाशी तरी हसत बोलत होते. आवाज ऐकू येत होता.

१५ जानेवारी
व्हर्नला फोन. उचलला नाही. कामात असेल.

१६ जानेवारी
अजून कामात.

१७ जानेवारी
त्याच्या घरी गेलो. दार त्याच्या बायकोने, ओपलने उघडलं. व्हर्न फ्लोरिडाला मासेमारीला गेलाय. आत बोलावून तिने चेरी-पायचा तुकडा खायला दिला. मी सहज विचारलं, व्हर्न तपासायला कुणाकडे जातो? "ॲशक्राफ्टांकडेच की." पण तुमचा प्लॅन? ती हसली. "इश्श, तो प्लॅन तो विकतो, घेत नाही. आमचं अर्लीनसारखंच आहे."

तुकडा अर्धा टाकला. गाडीत जाऊन बसलो. काच बर्फाने झाकली तरी वायपर लावावासा वाटेना. नुसतं चुकलं असतं तर मी समजून घेतलं असतं. माणूस चुकतो. पण स्वतःसाठी एक आणि माझ्यासाठी दुसरं?

२० जानेवारी
व्हर्नचा मेसेज. मोठ्या माशाचा फोटो. "काय म्हणतोस?" दोनदा उत्तर लिहिलं, दोनदा खोडलं.

२२ जानेवारी
अर्लीन मला लायब्ररीत घेऊन गेली. तिथे मिसेस टटल नावाच्या बाई म्हाताऱ्यांना फुकट सल्ला देतात. म्हणाल्या, असल्या प्लॅनमध्ये असलेल्यांना ३१ मार्चपर्यंत बदलता येतं, पण एकदाच. मी विचारलं, अर्लीनसारखं करता येईल? "मूळ मेडिकेअरवर जाल हो, पण जोडविमा देणारे आता हार्टबद्दल विचारणार, आणि बहुधा नाही म्हणणार." मग ॲशक्राफ्ट असलेला दुसरा प्लॅन शोधला. दवाखान्यात फोन अर्लीनने केला. हार्टचे तेच ना, पायांचे नव्हेत ना, असं दोनदा विचारून घेतलं. मी देखरेख केली.

१ फेब्रुवारी
नवा प्लॅन लागू. शेवटी माझ्या चिकाटीचाच विजय.

१८ मार्च
ॲशक्राफ्टांची अपॉइंटमेंट. नवा शर्ट घातला. त्यांच्यासाठी काय काय केलं ते सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे छाती तपासली, कानातली नळी काढली आणि म्हणाले, "मर्ल, वाईट वाटून घेऊ नकोस. या महिनाअखेरीला मी रिटायर होतोय."

माझी एक संधी वापरून झाली. आता थेट ऑक्टोबर. त्यांच्या जागी कोण येणार? अजून ठरलेलं नाही.

मी बटणं लावत होतो. ते दारापर्यंत सोडायला आले, घुटमळले आणि हळूच म्हणाले, "मलाही पासष्ट पूर्ण होतायत. तू यातून गेलायस, तुला सगळं ठाऊक. मी कुठला प्लॅन घेऊ?"

मी दार उघडलं.

बाहेर अर्लीन बसली होती. म्हणालो, तिला विचारा.