फक्त सीरियस लोकांनी संपर्क साधावा

४ जानेवारी
गिटार घेऊन आठ महिने झाले. एकट्याने वाजवण्याचा टप्पा संपला. आता बँड. वाद्यं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात आजच जाहिरात लावली : हेवी मेटल बँडसाठी ड्रमर आणि बेस गिटारवाला हवा. अनुभव किमान पाच वर्षं. फक्त सीरियस लोकांनी संपर्क साधावा. अक्षरं स्वतः काढली, मेटलला शोभतील अशी काटेरी. दुकानदार बराच वेळ कागदाकडे बघत होता. भारावला असावा. मार्चअखेर पहिला शो.

१९ जानेवारी
एकही फोन नाही. क्लिनिकमध्ये दिवसभर लोकांचे कान तपासतो. बीप ऐकू आली की बटण दाबा, असं सांगतो. निम्मे लोक बटण हातात धरून नुसते बसतात. अशा गावात मेटलचं काय होणार?

२३ जानेवारी
दुकानदाराने विचारलं, ते झुडपाचं चित्र अजून किती दिवस ठेवायचं. फोन नंबरही मी त्याच अक्षरांत काढला होता. त्याने खाली बॉलपेनने नंबर लिहिला. कलेशी तडजोड, पण असो.

३० जानेवारी
दोन फोन! एक ड्रायव्हिंग स्कूलचे सर. वय पंचावन्न, वीस वर्षं ड्रम वाजवतात. दुसरी दातांच्या डॉक्टरकडची असिस्टंट, बेस वाजवते. दोघांना भेटून स्पष्ट सांगितलं की मी जरा कडक आहे. सरांनी माझा अनुभव विचारला. म्हणालो, मोजला नाही.

६ फेब्रुवारी
मागच्या खोलीच्या भिंतींना घरातल्या सगळ्या गाद्या ठोकल्या. आवाज बाहेर जात नाही. बायको म्हणाली, पाहुणे आले तर झोपतील कुठे? हिला व्हिजन नाही.
संध्याकाळी आमचं गाणं पक्कं केलं. (मला येणारं गाणं एकच, पण तेच उत्तम आहे.) लॅपटॉपवर गिटार शिकवणाऱ्या व्हिडिओतले गुरुजी पुन्हा पाहिले. काय शांत माणूस! एकेक शब्द चघळून बोलतात. त्यांच्या दोन वाक्यांच्या मधे माझा चहा होतो. बायको याच लॅपटॉपवर क्रोशाचे टाके शिकते, पण अर्ध्या तासात उठते. चिकाटी लागते.

१२ फेब्रुवारी, रविवार
पहिली प्रॅक्टिस. सरांनी चार आकडे मोजले आणि सुरुवात झाली. दोघं गाण्याच्या शेवटाला पोचले तेव्हा मी अजून अर्ध्यावर होतो. फार घाई करताय, असं त्यांना समजावलं. सर म्हणाले, ओरिजिनल गाणं याच स्पीडचं आहे. मी म्हणालो, मग ओरिजिनलवाल्यांनीही घाई केली. असिस्टंट स्वतःच्या चपलांकडे बघत होती. सरांची एक खोड लक्षात आली. मी वाजवायला लागलो की त्यांचा पाय आपोआप ब्रेक शोधतो.

१३ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
बायकोला सहज कालचं स्पीडचं सांगितलं. ती सुई बाजूला ठेवून म्हणाली, टाके नीट दिसावेत म्हणून तिने लॅपटॉपवर व्हिडिओचा स्पीड निम्मा करून ठेवलाय. गेल्या एप्रिलपासून. नॉर्मल करून पाहिलं. गुरुजी लिलाव पुकारल्यासारखे बोलत होते. लॅपटॉप बंद केला.

१३ फेब्रुवारी, संध्याकाळी ६
शांतपणे विचार केला. संथ मेटलही असतं. त्याला डूम म्हणतात. म्हणजे मी पहिल्यापासून डूमवाला होतो, फक्त मला कोणी सांगितलं नव्हतं. दोघांना मेसेज टाकला की बँडने दिशा बदलली आहे.

१९ फेब्रुवारी, रविवार
डूमची प्रॅक्टिस. संथ संगीतात चुका जास्त ऐकू येतात, हा त्या प्रकारातला मोठा दोष आहे. पेशंटला 'थोडंसं दुखेल हं' म्हणावं तशा आवाजात असिस्टंट म्हणाली की हळू चालेल, पण सारखं हळू हवं.
उद्यापासून रोज दोन तास सराव. यात बदल नाही.

२० फेब्रुवारी
खांदा भरून आला.

२२ फेब्रुवारी
क्लिनिकमध्ये गर्दी. सराव मनातल्या मनात केला. छान झाला.

५ मार्च, रविवार
प्रॅक्टिसच्या तासभर आधी सरांचा फोन. लायसनच्या टेस्टमध्ये नापास झालेल्यांशी बोलत असतील तसेच बोलले. काही जणांना वेळ लागतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, वगैरे. त्यांना एक गिटारवाली मिळाली आहे. बेकरीत केकवर आयसिंग करते. मग जरा घुटमळत म्हणाले की एवढी बंदिस्त खोली दुसरीकडे कुठे नाही, तर ड्रम तिथेच राहिले तर चालतील का?
चालतील म्हणालो. बँडचा संस्थापक मीच आहे. संस्थापकाने वाजवलंच पाहिजे असं कुठे आहे?

१९ मार्च, रविवार, संध्याकाळी ५
ते तिघं खोलीत. मी चहा नेऊन दिला. साखर सगळ्यांना बरोबर झाली होती. आयसिंगवालीची तार तुटली, जोडीला दुसरी नव्हती. सरांनी विचारलं, तुमची गिटार मिळेल का? दिली. ती म्हणाली, छान ठेवलीय, घरात कोण वाजवतं? सर बुटाची नाडी बांधायला वाकले. मी म्हणालो, तसं कोणी नाही.
स्वयंपाकघरात येऊन बसलो. त्यांनी आमचंच गाणं घेतलं, पूर्ण स्पीडने. गाद्यांतूनही ऐकू येत होतं. बायको म्हणाली, बरं वाजवतायत की. हो म्हणालो. मग ती शेजारी बसून राहिली.
मला फार वाईट वाटलं. शो वगैरे काही नको होता. चार माणसांत बसून वाजवायचं होतं, एवढंच.
गाणं त्यांनी दोनदा वाजवलं. गिटार चांगली आहे.