मोहाखाली बसलेला भुऱ्या

हिंगणघाट, चैत्र, १९९८. दिवा लागल्यावर.

सुमे, मी सांगते तसंच लिहिजो. तुह्या शाळेतलं मराठी त्यात घालू नको.

आज भुऱ्या मले ओढतच वणा नदीच्या काठानं घेऊन गेला. तुह्या आबाची रोजची वाट ती. "कुत्र्याले फिरवून आणतो," म्हणत. जिल्ह्यात दारूबंदी, अन् आमचं कुत्रं नेमकं मोहाच्या झाडाखालीच दमे! येताना त्याइच्या अंगाले मोहाचा वास. खरं तर कुत्रंच त्याइले फिरवून आणे.

आबाले जाऊन महिना झाला. भुऱ्या मोहाखाली पडलेल्या फुलाइत बसला, तो उठेचना. भाकर दाखवली, शिव्या देल्या. कोणाची वाट पाहून राह्यला, ते मले का ठाऊक नाई? आबाचे दोस्त त्याइले म्हणत, "गणपत, चाल घरी," तवा हा उठे, असं ऐकलं होतं. पण मी ते नाव घेतलं ते लग्नातल्या उखाण्यात. पुढचा सारा संसार "अवो" वरच झाला.

अंधारून आलं. मंग त्याच्या कानाशी वाकली अन् म्हटलं, "गणपत घरी गेला."

उठला ना! माह्या पुढं पळत सुटला. मी काऊन म्हटलं तसं? इतक्या वर्षांनी नाव घेतलं, तेही मुक्या जनावराले फसवाले.

घरी पोचली तर तो आबाच्या खाटेखाली पाहून राह्यलता. अंगाले फुलं चिकटलेली, घरभर मोहाचा वास. अन् मी येडी, सवयीनं बोलून गेली, "आलेत का? पाय धुवा आधी."

भुऱ्यानं पुन्हा खाटेखाली पाह्यलं.