हाडाने धरलेले दात

पंचवटी, नाशिक
१४ मार्च २००४

चि. गोरक्ष,

आशीर्वाद. घरी सगळे बरे असाल. इकडे तुझ्या मैनावहिनीचे गुडघे सोडले तर ठीक आहे. आपली लेक सायली बँकेत कायम झाली.

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. उत्तर म्हणून फोनच करणार होतो. दोनदा बूथपर्यंत गेलो आणि परत आलो. फोनवर मी ओरडलो असतो आणि बूथवाल्याने ऐकलं असतं.

तुझ्याही दोन दाढा गेल्यात, तेव्हा स्क्रूचे दात बसवताना काय काय होतं ते सविस्तर लिहा, असं तू म्हणतोस. तर आधी तेच लिहितो.

पहिल्या दिवशी हात लावत नाहीत. जबड्याचा मोठा फोटो काढतात, साखर तपासतात. माझं वरचं हाड झिजलं होतं. दात गेल्यावर जागा मोकळी राहिली की हाड खाली बसत जातं म्हणे. म्हणून त्यात हाडाची पूड भरावी लागली. सुई टोचते तेवढंच दुखतं, नंतर काही कळत नाही. पण कानात आवाज येतो. गिरमिटाने लाकडाला भोक पाडावं तसा, आणि लाकूड म्हणजे आपलंच तोंड. त्यात धातूचा स्क्रू पिळून बसवतात आणि वरून हिरडी शिवून टाकतात. घरी आलो तर तोंड इतकं सुजलं की सायली दार उघडून क्षणभर बघतच राहिली. चार दिवस पेज आणि वरणाचं पाणी. टाके निघाले की वाटतं झालं सगळं. पण खरं काम तिथून सुरू होतं. हाडाने स्क्रू धरायला हवा, त्याला महिनेच्या महिने लागतात. तोवर त्या जागेने चावायचं नाही आणि माझ्या बाबतीत क्लॅरिनेटही फुंकायचं नाही. मग हिरडी पुन्हा जराशी उघडतात, वर खुंटी लावतात, माप घेतात आणि शेवटी दाताची टोपी बसते. तंबाखू खाणाऱ्याचं हाड नीट धरत नाही. तुला ती सोडावी लागेल.

झालं तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आता माझं ऐक.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "पुढचे तीन दात एकदम कसे गेले? पडलात का?"

माझ्या तोंडून सवयीने "हो" निघालं. तू त्या दिवशी सटाण्याच्या दवाखान्यात माझ्या आधीच बोलला होतास ना, "काही नही व्हयनं, पाय अटकना त्याना." तेव्हापासून कोणीही विचारलं की पाय अडकून पडलो, हेच मी सांगायचो. पण त्या बाई फोटो उजेडाला धरून म्हणाल्या, "पडलेल्या माणसाचे दात असे तुटत नाहीत. खालून काहीतरी जोरात लागलंय." मैना शेजारीच होती. ती म्हणाली, "सांगा ना आता तरी."

सांगितलं मी. यादवशेठच्या थोरल्या मुलीची वरात, मे महिन्यातलं ऊन, देवळापुढे त्याचे पुतणे पिऊन नाचत होते आणि आपल्या बँडला थांबू देत नव्हते. माझ्या ओठातून रक्त यायला लागलं म्हणून मी क्लॅरिनेट खाली घेऊन पाणी मागितलं. यादवशेठ आला. "वाजंत्री आहेस ना? मग वाजव." मी पुन्हा तोंडाला लावलं, गोरक्ष. मी वाजवणारच होतो. तरी त्याने क्लॅरिनेटला खालून फटका मारला. बाईंनी हातातली हत्यारं ठेवून दिली. "पोलिसांत गेला नाहीत?" मी म्हटलं, भाऊ नको म्हणाला. मोठं गिऱ्हाईक आहे, बँड बुडेल म्हणाला.

ते मी गिळलं होतं. बापाने उभा केलेला बँड टिकावा म्हणून गिळलं. काढघालीच्या कवळीवर क्लॅरिनेट धरता येईना, सूर फाटायचा, तेव्हा तू माझ्या हातात खुळखुळे दिलेस, तेही गिळलं. ज्या वरातीत मी पुढे चालायचो, तिथे जनरेटरच्या गाडीशेजारी खुळखुळे हलवत चाललो. दोन वर्षं. मग नाशिकला आलो. इथल्या तीन बँडवाल्यांनी माझं नाव ऐकून नको म्हटलं. का, ते मला कळत नव्हतं.

आता कळलं. गेल्या महिन्यात मी सटाण्याला येऊन गेलो, तुझ्या घरी आलो नाही, म्हणून तू पत्रात रुसलास. मी यादवशेठच्या कांद्याच्या गाळ्यावर गेलो होतो. नवे दात बसले होते आणि मला ते त्याला दाखवायचे होते. चार माणसांसमोर म्हटलं, "शेठ, तुम्ही माझे दात पाडले होते."

त्याने मला ओळखलंच नाही. नाव सांगितल्यावर हसला. म्हणाला, "अरे, तो दारू पिऊन पडला होता तो तू? तुझा भाऊच दुसऱ्या दिवशी हात जोडून सांगून गेला, आमचा देवराम पितो, तुमच्या वरातीत गोंधळ झाला, माफ करा."

मी आयुष्यात दारूला शिवलो नाही. तुला ते माहीत आहे. बापाच्या दारूचा मार आपण दोघांनी मिळून खाल्ला आहे.

तिथून मी बारकूकडे गेलो. तुझा ढोलवाला खोटं बोलणार नाही. तो मान खाली घालून म्हणाला, "भाऊ, त्यानं समद्यांना तेच सांगितलं. नाशिकच्या बँडवाल्यांनाबी." म्हणजे यादवशेठने दात पाडले, आणि नाव तू पाडलंस.

आणि आता तू लिहितोस, आखाजीला, अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर, त्याच यादवशेठच्या धाकटीचं लग्न घेतलंय, भाऊ, दात बसले म्हणता तर या, क्लॅरिनेटशिवाय बँडला शोभा नाही. हे लिहिताना तुझा हात कसा थांबला नाही?

मी येणार नाही. आखाजीला मी येवल्याला एका विणकराच्या घरच्या लग्नात वाजवतोय. नवा बँड आहे, मालक तरुण आहे. त्याला मी पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकलं. पहिला सूर लागला तेव्हा दातांना काही झालं नाही, मग दुसरा लावला.

माझी माफी मागू नकोस, मला ती नको. ज्यांना ज्यांना मी दारुडा आहे म्हणून सांगितलंस, त्या एकेकाकडे जा आणि खरं सांग. यादवशेठपासून सुरुवात कर, लग्नाच्या आधी. बुकिंग जाईल, जाऊ दे. ते झालं की घरी ये. मैना जेवायला वाढेल. त्याआधी आलास तर दार मी उघडणार नाही.

हे पत्र मैनाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, शेवटी 'तुझा भाऊ' असं इतक्यात लिहू नका. म्हणून नुसतं नाव लिहितो.

देवराम