वाटेत आलेलं घर

१२ मार्च, मंगळवार

घर आलं! म्हणजे अर्धं आलं. उरलेलं अर्धं खाली वळणावर ओकच्या फांदीत अडकलंय.

सकाळपासून मी आणि टेसा चिखलात उभ्या. कारखान्यात दोन तुकड्यांत बनवून घेतलेलं घर; पहिल्या ट्रकच्या मागे आमचं स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली, एक बाजू सताड उघडी, त्यावर प्लास्टिक फडफडतंय. ओटा, कपाटं, भिंतीचा रंग – अख्ख्या गावाला दर्शन! टेसा म्हणाली, "आई, केकसारखं कापलंय की गं आपलं घर." तेरा वर्षांची आहे. टल्सा शहर सोडल्यापासून गाल फुगवून बसली होती. आज पहिल्यांदा हसली.

गार्विन करवत घेऊन खाली गेला. माझा नवरा एसी दुरुस्त करणारा, त्याने आयुष्यात झाड कापलेलं नाही. ट्रकवाला म्हणाला म्हणे, "साहेब, फांदी कापा हं, माझं छप्पर नको."

बाबा आले नाहीत. समोरच्या टेकाडावर, आपल्या घराच्या पायऱ्यांवर बसून बघत होते. मी हात केला. त्यांनी टोपी हलवली. बस्स.

१४ मार्च, गुरुवार

दोन्ही अर्धी जुळली. मजुरांनी जॅकवर उचलून, पातळी बघून, सिमेंटच्या ठोकळ्यांवर बसवलं. मधली शिवण बंद केली आणि पोलादी पट्ट्यांनी घर जमिनीला आवळलं – वावटळ आली तर उडायला नको! चाकं काढून घेऊन गेले. मला इतकं बरं वाटलं ती जाताना बघून. अठरा वर्षांत सात भाड्याची घरं झाली. आता पुरे.

बाबांनी दिलेल्या पाच एकरांत सपाट जागा हीच एवढी. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला ओढ्याची घसरण, मधे हा चिंचोळा तुकडा. घर बरोबर आडवं बसलंय, कड्यापासून घसरणीपर्यंत. पुढच्या दारातून बाबांचं घर दिसतं. मागच्या दारातून सिडरची झाडं आणि आमच्या टर्नबो घराण्याची दफनभूमी. आई तिथेच आहे. पन्नास पावलांवर!

जागा ठरवताना बाबांना विचारलं होतं. म्हणाले, "जमीन तुझ्या नावावर केली ना? मग तू ठरव." यापेक्षा दोन शब्द जास्त बोलले असते तर काय जीभ झिजणार होती?

१७ मार्च, रविवार

आज भांडण.

पूर्वेची खोली त्यांच्यासाठी ठेवलीय. आम्ही आलोच त्यासाठी. गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी बाबा कोठारात पडले आणि चार तास तिथेच पडून होते – झेल्मा आत्या अंडी द्यायला गेली म्हणून सापडले. अकरा वर्षं मी वृद्धाश्रमात काम केलंय. एकटी राहणारी म्हातारी माणसं एकदा पडली की पुढे काय होतं ते मला पाठ आहे. दुसऱ्यांदा पडतात तेव्हा अंडी घेऊन कुणी येत नाही.

मी गेले बोलवायला. म्हटलं, "बाबा, खोली तयार आहे. सकाळचं ऊन येतं. निदान बघायला तरी चला."

"कारखान्यात बनवलेल्या खोक्यात मी झोपत नाही."

"खोकं नाही ते. माझं घर आहे!"

"तुझं आहे म्हणूनच. तू राहा."

रडू आलं ते दाबलं आणि दार आपटून आले. चव्वेचाळीस वर्षांची मी, चौदा वर्षांच्या पोरीसारखी दार आपटते. शोभतं का मला?

२४ मार्च, रविवार

चर्चमधली मंडळी न सांगता आली. नवीन घर झालं की इथे प्रत्येक जण एकेक पौंड काहीतरी घेऊन येतो. साखर, कॉफी, लोणी, घेवडा, खिळेसुद्धा! एका म्हाताऱ्याने पौंडभर खिळे आणले आणि स्वतःच आमचा डुगडुगणारा कठडा ठोकून गेला. टल्सात आठ वर्षं एका मजल्यावर राहिलो, शेजारणीचं नाव मला कळलं नव्हतं.

बाबांनी झेल्मा आत्याच्या हातून मध पाठवला. स्वतः नाही आले.

३ एप्रिल, बुधवार

विहिरीचं पाणी गोड लागलं! लोखंडाची जरा चव आहे, पण गोड. टेसाने आज शाळेच्या बसमधल्या एका मुलीला घरी आणलं. दोघी ओढ्यात बेडूक शोधत होत्या. तोंडफुगवेपणा संपला बहुतेक. टाकते लिहून, उद्या दृष्ट लागायला नको.

सकाळी कॉफी घेऊन मागच्या दाराने आईकडे गेले. रोज जाते आता. तिच्याजवळ कुणीतरी पानं झाडून ठेवलेली, कॉफीच्या जुन्या डब्यात पिवळे डॅफोडिल. बाबाच. दुसरं कोण?

वरच्या रस्त्याने गाडी घेऊन येत असणार, शेजारच्या रानातून. आईची शवपेटीसुद्धा सहा वर्षांपूर्वी त्याच रस्त्याने आणली होती. म्हणजे माझ्या मागच्या दारापासून पन्नास पावलांवर येतात आणि हाकसुद्धा मारत नाहीत! इतकं काय वाकडं केलंय मी?

१४ एप्रिल, रविवार

जेवायला बोलावलं. "गुडघा दुखतोय." बरं.

२१ एप्रिल, रविवार. ईस्टर

चर्चमध्ये बाबा शेजारी बसले. चांगला सूट, इस्त्रीचा शर्ट – आणि विजार गुडघ्यापर्यंत चिखलाची! हातावर काट्यांचे ओरखडे. मी कुजबुजले, "कुठे गेला होतात?"

"गुरांकडे."

ईस्टरच्या सकाळी, सूट घालून, गुरांकडे! गार्विन म्हणाला, "गुरांनाही सण असतो बाई." मला हसू आलं नाही. डोक्यावर परिणाम तर होत नाहीये ना यांच्या? वृद्धाश्रमात अशीच सुरुवात होताना पाहिलीय.

८ मे, बुधवार

कसं लिहू? लिहिते.

झेल्मा आत्या आली डेकोरेशनचं ठरवायला. मे महिन्यात एका रविवारी सगळा गोतावळा जमतो, थडगी साफ करतो, फुलं वाहतो, तिथेच जेवतो. मी कितीतरी वर्षांत आले नव्हते. नेहमी ड्यूटी असायची. मी म्हटलं, बटाट्याचं सॅलड मी करते. आत्या म्हणाली, "सॅलडचं राहू दे. माणसं नेणार कुठून?"

"म्हणजे? वरच्या रस्त्याने."

आत्या माझ्याकडे बघतच राहिली. "अगं, वरचं रान विकून दोन वर्षं झाली. नव्या मालकाने फाटकाला कुलूप घातलंय. कुणालाच सोडत नाही तो. आम्ही इथूनच जायचो, या पट्ट्यावरून. आता इथे तुझं घर."

"मग बाबा?"

"खाली ओढ्यात उतरतो. पलीकडून मुळं धरून वर चढतो."

"त्या गुडघ्याने?"

"दर रविवारी. चर्चच्या आधी."

मी ओरडलेच, "मग बोलले का नाहीत? जागा ठरवताना इथेच तर उभे होते!"

आत्या शांतपणे म्हणाली, "माझा भाऊ एल्डन बोलेल होय? जमीन दिली म्हणजे दिली. दिल्यावर त्यातून वाट मागायची म्हणजे दिलेलं परत मागणं. आमचे वडीलही तसलेच होते. मेले असते, पण मागितलं नसतं."

ती गेल्यावर ओट्याला टेकून रडले. मला वाटलं होतं ते माझ्या घरावर रागावलेत. आणि मी त्यांच्या आणि आईच्या मधे अख्खं घर आणून ठेवलंय!

९ मे, गुरुवार

गेले त्यांच्याकडे. कुंपणाची तार ओढत होते.

"का नाही सांगितलंत?"

"काय?"

"वाटेचं! मी तुम्हाला विचारलं होतं ना?"

"जागा विचारलीस. वाट नाही विचारलीस."

"बाबा, तुम्ही त्या घसरणीवर पडला असतात तर?"

"पडलो नाही."

"ओढ्यात! एकटे!"

तार ओढत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या आईला सांगितलं मी. पोरगी आलीय, समोर दिवा लागतो. बस झालं."

मी तारेचं दुसरं टोक धरलं.

११ मे, शनिवार

घर हलवता येतं का, गार्विनने फोन करून विचारलं. पलीकडचा माणूस हसला. पट्ट्या, ठोकळे, विहिरीची नळी, सेप्टिक टँक – सगळं उपटायचं? घसरणीवर पायऱ्या खोदायच्या तर सगळा कुजका खडक. डेकोरेशन एकोणीस तारखेला, आठ दिवस उरलेत. टेबलाशी आम्ही दोघं डोकं धरून बसलेलो.

टेसा कॉर्नफ्लेक्स खात होती. म्हणाली, "दोन्ही दारं समोरासमोर आहेत. आतून जा ना."

गार्विनने माझ्याकडे बघितलं. मी पुढच्या दाराकडे, मग मागच्या दाराकडे. सरळ रेषा!

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "लोकांच्या घरातून कोण जातं थडग्याकडे?"

"लोकांच्या नाही. माझ्या. आणि हे मी देतेय, तुम्ही मागत नाही आहात."

हो म्हणाले नाहीत. पण नाहीही म्हणाले नाहीत.

१९ मे, रविवार. डेकोरेशन

त्रेचाळीस माणसं माझ्या घरातून गेली!

गालिचे गुंडाळले, सोफा भिंतीला लावला, दोन्ही दारं उघडून विटा टेकवल्या. फावडी, दाताळी, घड्या घातलेल्या खुर्च्या, बादल्यांतून पिओनीची फुलं, झाकण लावलेली भांडी. पायपुसणीचा नुसता लगदा झाला. जाता जाता प्रत्येकाचं मत! "ओटा झकास आहे." "पंखा कुठून घेतलात?" चुलतआजोबा फ्रीजपाशी थांबून म्हणाले, "आत थंड काही असेल तर मी घाईत नाही." टेसा दारात उभी राहून वाहतूक पोलिसासारखी हात करत होती.

बाबा शेवटी आले. उंबऱ्यावर थांबले. टोपी काढली. चर्चमध्ये चालतात तसे चालत गेले, इकडेतिकडे न बघता, हातात डब्यातली फुलं. मी सॅलडची परात घेऊन उभी होते. मागच्या पायऱ्या उतरून सिडरखाली सरळ आईपाशी. कोरड्या पायांनी.

झाडांखाली फळ्या टाकून जेवलो. तळलेलं चिकन, घेवडा, मक्याचा पाव, केळ्याचं पुडिंग. जुनी गाणी झाली. आत्याचा सूर कधीच लागत नाही, यंदाही नाही.

परतताना बाबांनी भिंतीवर बोटाने टकटक केलं. "पोकळ आहे."

"बाबा!"

"नुसतं म्हटलं."

मी खूप सुखात आहे. उद्या पाठ धरणार.

२६ मे, रविवार

सकाळी दारावर टकटक. बाबा. फुलं घेऊन आतून गेले, अर्ध्या तासाने आतून आले. उभ्याउभ्या कॉफी प्यायले. पूर्वेच्या खोलीचं दार उघडंच होतं, तिकडे बघितलं नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात गार्विनने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. गप्प बसले. किती जड गेलं ते माझं मला माहीत.

२ जून, रविवार

बाबा आज मोजपट्टी घेऊन आले. पुढचं दार मोजलं. मागचं मोजलं. मधे टेबलाचा कोपरा येतो तिथलंही मोजलं. मी विचारलं, हे काय चाललंय? म्हणाले, "पुढचं छत्तीस इंच, मागचं चौतीस. शवपेटी अठ्ठावीसची असते. अडकत नाही कुठे." पट्टी खिशात टाकली, टोपी काढून खुंटीला लावली. "माझी खोली कुठली म्हणालीस?"