देवाच्या रानातली काठी

सांगली, शुक्रवार

तीर्थस्वरूप वहिनीसाहेब,

वाकून नमस्कार केला आहे असं समजावं. तुमचं कानाचं यंत्र नीट चालतंय ना, की अजूनही नको ती माणसं घरात आली की त्याची बॅटरी संपते? दहिवडीला यंदा पाऊस कसा झाला, शेळी व्याली का, आणि तुमच्या सूनबाईंनी आमटीत साखर घालणं थांबवलं का, हे सविस्तर कळवा. पत्रानंच कळवा. फोनवर तुम्ही ‘काय?’ म्हणता, मी ‘काय काय?’ म्हणते, आणि त्यातच बोलणं संपतं.

माझं म्हणाल तर मी धबधबा बघून आले. हसू नका. तुमच्या माण तालुक्यात टँकर आला की गाव गोळा होतं, ते मला समजतं. पण पाणी वरून खाली पडतं एवढंच बघायला माणसं पुण्याहून गाड्या करून येतात, हे मी सत्तरी ओलांडल्यावर पाहिलं. (पाणी खालून वर चढताना मी पाहिलेलं आहे. महापुरात कृष्णामाई आमच्या जिन्यानं पाहुण्यासारखी वर आली होती. तेव्हा कोणी डबा बांधून बघायला आलं नाही.)

जाण्याचं कारण आमचे चिरंजीव. विश्वजीतनं गणपतीत येऊन पुन्हा तोच विषय काढला, की आई, तू आता एकटी राहू नकोस, सांगलीचं घर विकू आणि तू पुण्याला चल. त्यांचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे. खिडकी उघडली की दुसऱ्यांच्या खिडक्या दिसतात आणि त्या बंद असतात. आणि हे घर म्हणजे काय नुसत्या विटा आहेत? पूर ओसरल्यावर आम्ही दोघांनी खराट्यानं खोल्याखोल्यांतला चिखल काढला. भिंतीवरची पाण्याची खूण यांनी रंगाऱ्याला पुसू दिली नाही. आता हे नाहीत, खूण आहे. ती मी कोणाला विकू? पण असलं काही बोललं की मुलं आपल्याकडे दयेनं बघतात, म्हणून मी भांडले. बोलता बोलता तो म्हणाला, तुला मंडईपर्यंत तरी धड चालता येतं का? मी म्हटलं, तू म्हणशील तिथपर्यंत चालून दाखवते. झालं. पाटणच्या पलीकडे जंगलात एक धबधबा आहे, तिथपर्यंत मी कोणाचा हात न धरता जाऊन परत यायचं, म्हणजे घराचा विषय कायमचा बंद. नाही जमलं तर दिवाळीनंतर सामान बांधायचं.

पाचगणीच्या कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हाला डोक्यावर पुस्तक ठेवून व्हरांड्यातून चालवायच्या. (सुट्टीत घरी आले की तुम्ही म्हणायचात, वन्सं, मडमिणीवानी चालाय लागलात की.) तशीच ताठ मानेनं मी निघाले. सिस्टरांच्या व्हरांड्याला शेवाळ नव्हतं, एवढाच फरक. या वाटेला तिथं ‘निसर्ग पायवाट’ म्हणतात. पायवाट म्हणजे पायांनी झालेली असते असं मी समजत होते. ही फरशी बसवून केलेली आहे, आणि जिथं घसरायची खरी भीती तिथं नेमकी फरशी संपते. ‘शांतता राखा’ या पाटीखाली एक टोळकं गाणी लावून बसलं होतं. मी पाटीकडे बोट दाखवलं, तर त्यांनी पाटीसोबत माझाच फोटो काढला. विश्वजीत प्रत्येक बाकावर ‘काय सुंदर दृश्य आहे’ म्हणून बसत होता. (समोर झाडाचं खोड. पोट सुटलं की दृश्यं वाढतात.) सूनबाई रेश्माच्या मनगटावरचं घड्याळ तिला चालल्याबद्दल शाबासकी देत होतं. मला सगळ्या नोकरीत एवढी शाबासकी मिळाली नाही.

पुढे देवराई लागली. झाडं इतकी दाट की दिवसा दिवेलागण झाल्यासारखं वाटावं. तिथून उतार सुरू झाला आणि माझे गुडघे एकमेकांशी बोलायला लागले. पैज हात न धरण्याची होती, काठी न धरण्याची नव्हती. खाली पडलेली एक छान वाळकी फांदी मी उचलली आणि तिच्या आधारानं थेट धबधब्यापाशी जाऊन उभी राहिले. खरं सांगू, तिथं पोचल्यावर माझी सगळी टीका बंद झाली. लोक त्याच्याकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होते. मी तोंड त्याच्याकडे करून उभी राहिले. मग तशीच काठी टेकत परत फाटकाशी आले. जिंकले, वहिनीसाहेब.

फाटकाशी बनुबाई नावाची म्हातारी मक्याची कणसं भाजत बसते. कणीस देण्याआधी तिनं माझ्या हाताकडे बघितलं.

“आवं बाई, ही काठी आतली हाय न्हवं?”

मी म्हटलं, वाळकी आहे, खाली पडली होती.

“वाळकी असूंदे. देवाच्या रानातलं पान बी भायेर न्यायचं न्हाई. ठिवून या जावा.”

विश्वजीतनं काठी घेतली आणि कुंपणावरून आत फेकतो म्हणाला. बनुबाई त्याच्यावर खेकसली, “ज्या हातानं भायेर आली, त्याच हातानं आत जायाला पायजे. तू मधी पडू नगंस, गड्या.” मी देवभोळी नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण ग्रंथालयाचं पुस्तक ज्यानं नेलं त्यानंच परत करायचं, हे सिस्टरांनी आमच्या बोटांवर पट्टी मारून शिकवलेलं. तरीही मी कदाचित हुज्जत घातली असती, पण विश्वजीत बोलला, आई, राहू दे, तुला आता परत तिथवर जायला झेपणार नाही. मग मी निघालेच.

काठी टेकत देवराईत गेले, शेंदूर लावलेल्या दगडापुढे ती ठेवली, आणि मग माझ्या लक्षात आलं की येताना मला तीन पाय होते आणि जाताना दोनच आहेत. तेही माझं ऐकत नव्हते. आता कोणाचा हात धरला की जिंकलेली पैज हरल्यात जमा होती. मी दगडाशेजारी बसून राहिले. तेवढ्यात मागून रेश्मा आली, तोंड वाकडं करून. आई, माझा पाय मुरगळलाय, तुमचा हात धरू का, म्हणाली. तिचा पाय ठणठणीत होता हे मला कळलं, मला कळल्याचं तिला कळलं. मी तिला धरून बाहेर आणली, म्हणजे तिनं मला. फाटकापाशी विश्वजीत तिलाच रागवला, सत्तरीची आई तुला आधार देतेय, लाज वाटत नाही का? रेश्मा खाली मान घालून लंगडत गाडीत बसली. घराचा विषय बंद.

तेव्हा मी विजयी आणि सुखात आहे. काळजी नसावी. मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, शेळीस पाला.

आपली वन्सं,
संयोगिता

ता. क. सुखात आहे हे थोडं वाढवून लिहिलं. आल्यापासून मला जिना चढता येत नाही. खालच्या दिवाणावर झोपते, आणि विश्वजीतचा फोन आला की वरून धावत आल्यासारखं धापा टाकत बोलते. तुम्ही महिनाभर येऊन राहाल का? मात्र मला सोबत म्हणून येताय असं कुठं बोलू नका. मिरजेला डोळे दाखवायचे आहेत म्हणा. मिरजेच्या दवाखान्यांचं नाव घेतलं की आपल्याकडे कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तेवढ्यात रेश्माचा फोन आला. देवराईत पाय मुरगळला होता त्याच आवाजात म्हणाली, दहिवडीच्या मामी सोमवारी मिरजेला डोळे दाखवायला येतायत, महिनाभर तुमच्याकडे राहतील, तुम्हाला त्यांचं करणं झेपेल ना? मी म्हटलं, न झेपायला काय झालं.