मामांची कवळी आणि पांढरी अक्षरं

तीर्थरूप मामांना भाचीचा वाकून नमस्कार.

तुमची तब्येत चांगली असेल अशी आशा आहे. आशाच करावी लागते, कारण फोन तुम्ही उचलत नाही, आणि दार वाजवलं की आतून रेडिओ मोठा होतो. आई म्हणाली, त्याला पत्र लिही, पत्र तो फाडायच्या आधी वाचतो. गुडघा कसा आहे? (हल्ली मागच्या जिन्याने ये-जा करता असं कळलं. अरुंद आहे तो, जपून.) जेवण जातंय ना? दातांची चौकशी मुद्दामच करत नाही. ती या आठवड्यात सगळ्यांनी करून झाली आहे.

तर मामा, झालं ते असं. आमच्या दातांच्या दवाखान्याला रंग द्यायचा ठरला, म्हणून सगळ्या पेशंटांच्या वेळा बदलल्या. डॉक्टर म्हणाले, सगळ्यांना एकच यादी पाठव, विषय संपव. यादी कॉम्प्युटरवर तयारच होती. आधी नाव आणि वेळ, मग वय, तोंडात खरं किती नि खोटं किती, आणि शेवटी डॉक्टरांचा खास शेरा. आता पुढचे रकाने लोकांना दाखवायचे नसतात एवढी अक्कल मला आहे. (हसू नका.) पण रकाने पुसावेत तर मूळ फाईल तीच, डॉक्टर मला फाडून खातील. म्हणून मी युक्ती केली, त्या रकान्यांतली अक्षरं पांढरी करून टाकली. पांढऱ्यावर पांढरं, बघणाऱ्याला वाटावं कोरं आहे. स्वतःवर इतकी खूश झाले की दुपारी एक चहा जास्तीचा घेतला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ना, माझा बैल त्याच संध्याकाळी बागेत फिरायला गेला.

बागेत तुमच्या फिरायच्या मंडळींत ते रिटायर बँडमास्तर असतात. त्यांना जवळचं दिसत नाही, म्हणून त्यांचा फोन त्यांना सगळं वाचून दाखवतो. आणि मामा, फोनला काय पांढरं नि काय काळं. त्याने जे सुरू केलं ते थांबेचना. (आवाज कमी कसा करायचा हे बँडमास्तरांना माहीत नाही. जन्मात कधी गरजच पडली नसेल.) हेडमास्तरांबद्दल, ‘सुई दिसली की आईला हाका मारतात’. वकिलांबद्दल, ‘तोंड उघडा म्हणावं लागत नाही, मिटा म्हणावं लागतं’. आपलं नाव जवळ येतंय असं वाटलं की एकेक जण बाकावरून उठायला लागला. तुम्ही मात्र बसून राहिलात, आणि मग तुमचं नाव आलं, खरं वय आलं, आणि ‘वरची पूर्ण कवळी, शिंक आल्यास समोर उभं राहू नये’ हेही आलं. शेजारी शिवणक्लासच्या बाई बसलेल्या. ज्यांना तुम्ही सांगितलं होतं की बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत आहेत, आणि ज्यांना येत्या रविवारी तुम्ही लग्नाचं विचारणार होतात. तुम्ही टोपी तिथेच टाकून निघालात म्हणे. मला फार वाईट वाटलं, मामा. मामी गेल्यापासून पहिल्यांदाच तुम्ही शर्टाला इस्त्री करायला लागला होतात.

घाबरून मी लगेच सगळ्यांना दुसरा निरोप पाठवला की कृपया यादीतली पांढरी अक्षरं वाचू नयेत. झालं, ज्यांना काही पत्ता नव्हता त्यांनीही अक्षरं काळी करून वाचून काढली. (तुम्ही तेवढे रागाच्या भरात फाईलच उडवून मोकळे झालात, असं आईकडून कळलं.) मग आल्या लेखी तक्रारी. डॉक्टर एरवी देवमाणूस, पण या वेळी म्हणाले, लोक माझ्यासमोर विश्वासाने तोंड उघडतात. सोमवारपर्यंत एक जरी तक्रार उरली, तर तू दुसरीकडे काम बघ. त्यांचं काहीच चुकलं नाही. मी दारोदार जाऊन माफी मागितली. हेडमास्तर लगेच विरघळले, कारण घरी त्यांचे भलतेच लाड सुरू झालेत. वकिलांनी आधी माझी उलटतपासणी घेतली, मग तक्रार मागे घेतली. आता एकच उरली आहे.

शहाणपण आलं म्हणाल तर आलंय. आता मूळ फाईलला हात लावत नाही. नवी कोरी फाईल घेते, तिच्यात पेशंटचा नंबर आणि वेळ एवढंच उतरवते, आणि पाठवायच्या आधी दार लावून माझ्या फोनकडून सगळं मोठ्याने वाचून घेते. काल त्याने नुसते आकडे वाचले. इतकं कंटाळवाणं ऐकून इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला शेक देत जा.

तुमची लाडकी (अजून असेन तर) भाची

ता. क. उरलेल्या तक्रारीवर नाव नाही, खाली नुसतं ‘एक दुखावलेला पेशंट’ असं आहे. पण मामा, ज्या हाताने मला पाढे लिहून दिले त्या हाताचं अक्षर मी ओळखणार नाही का? सोमवारच्या आत ती मागे घ्या. काम दुसरं मिळेलही, पण तुम्ही माझ्यावर रुसून बसलात तर मला करमत नाही.

आणखी एक. शिवणक्लासच्या बाई काल दवाखान्यात येऊन तुमची चौकशी करून गेल्या. टोपी त्यांच्याकडेच आहे, ती न्यायला रविवारी चहाला या म्हणाल्यात. कुणाच्या तोंडात काय आहे हे पुन्हा कुणाला सांगणार नाही, अशी मी डॉक्टरांसमोर शपथ घेतली आहे. तेव्हा बाईंबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. फक्त जाताना बिस्किटं न्या, आणि मऊ बघून न्या. दोघांनाही सोपं पडेल.